डब्यात राहिलेली गुलाबी चिठ्ठी

मी एक जुना सोडतीचा डबा आहे, मित्रांनो. जन्माने तेलाचा. तेल संपल्यावर एका पत्रेवाल्याने मला आडवा पाडला, पोटाला झाकण बसवलं, कमरेतून सळई आरपार घातली आणि टोकाला फिरवायचा दांडा जोडला. एवढी शस्त्रक्रिया होऊनही मी हूं की चूं केलं नाही. दांडा मात्र तेव्हापासून कुरकुरतो.

मला घडवून घेतलं एका अर्थतज्ज्ञ बाईंनी. शिक्षण, गुन्हे आणि सरकारी धोरणं हा त्यांचा अभ्यास. संध्याकाळी पोरांना शाळेत बसवलं तर चोऱ्या कमी होतात का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी निम्म्या वस्त्यांत संध्याशाळा काढायची, निम्म्या तशाच ठेवायच्या, आणि दोन्हीकडच्या चोऱ्या मोजायच्या. शाळा कुणाला, हे सोडतीने ठरणार होतं. बाई म्हणाल्या, "माणूस निवडायला बसला की वशिला आलाच. हा डबा कुणाचा मेहुणा नाही!" माझं इतकं कौतुक कुणीच केलं नव्हतं. मी लाजलो. पत्र्याचा असल्याने कुणाला दिसलं नाही.

सोडतीला प्रत्येक वस्तीतून एकेक जण आला होता. पुलाखालच्या वस्तीतून आली इस्त्रीवाली ताई. तिचा धाकटा भाऊ दिवसभर सायकलींची पंक्चरं काढायचा आणि संध्याकाळी मोकळा असायचा. "मोकळी संध्याकाळ आमच्याकडे फार महाग पडते," ती शेजारणीला सांगत होती. तिने गुलाबी चिठ्ठीवर वस्तीचं नाव लिहिलं, चिठ्ठीची इस्त्रीवालीला शोभेल अशी घडी केली आणि माझ्या पोटात सोडली.

ती काही निघाली नाही. बाईंनी माझ्यावर हात ठेवला. "उरलेल्यांनी नाराज होऊ नका. वर्ष झालं की तुम्हालाही शाळा. या डब्याची शपथ!" नंतर उरलेल्या चिठ्ठ्या झटकून टाकल्या, पण ताईची माझ्या कोपऱ्यात अडकून राहिली. मीही तिला धरून ठेवलं. शब्द दिला होता ना!

वर्षभर मी बाईंच्या खोलीत कपाटावर बसून होतो. शाळा निघाल्या तिथल्या चोऱ्या खरंच घटल्या. खोलीत चहावर चहा झाले. मग एके दुपारी ताई आली.

"मॅडम, वर्ष झालं."

"हो हो, आहे लक्षात. पण आता कुठे आकडे रंगात आलेत हो! आणखी दोन वर्षं कळ काढा. तुमच्याकडे आत्ताच शाळा काढली तर तुलना बिघडेल."

"म्हणजे पोरं बिघडली तर चालतील, तुलना बिघडायला नको?"

"तसं नाही, ताई. तुम्हाला मिळाली नाही, म्हणून तर मिळालेल्यांचा फायदा दिसतो. तुमचं योगदान मोठं आहे."

"योगदान!" ताई उठली. "भावाला सांगते. हुरळून जाईल."

मी कपाटावरून बाईंकडे बघत राहिलो. शपथ माझी होती, तरी मला कुणी विचारलं नाही.

पुढे काही महिन्यांनी पुलाखालच्या पोरांनी एका टेम्पोची बॅटरी काढली. ताईचा भाऊ राखणीला उभा होता. बाकीचे पळाले. याची पहिलीच वेळ, पळायचं असतं हे याला कुणी शिकवलं नव्हतं. तो सापडला.

खोलीत बातमी आली ती अशी. एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, पुलाखाली एक गुन्हा वाढला. इस्त्रीवाल्या ताईंचा भाऊ." बाईंनी आलेखाकडे पाहिलं. "फरक आता ठळक झाला," त्या म्हणाल्या. मग "अरेरे"सुद्धा म्हणाल्या, पण जरा उशिरा.

यथावकाश बाईंचा सत्कार ठरला. मला खाली उतरवून सोनेरी रंग फासला. पाहुण्यांसाठी सोडत होती, बक्षीस मिक्सर. टेबलावरचं कापड ताईनेच इस्त्री करून आणलं होतं. ती दारात उभी होती. बाईंनी दांडा फिरवला. इतक्या वर्षांनी गदागदा हललो आणि माझी पकड सुटली. पांढऱ्या चिठ्ठ्यांतून बाईंच्या हाती नेमकी गुलाबी आली.

त्यांनी वाचली. घडी होती तशी घातली.

"ही कोरी आहे," बाई हसून म्हणाल्या आणि चिठ्ठी पर्समध्ये गेली. दुसरी काढली. मिक्सर पोलीस साहेबांच्या मेहुण्याला लागला. टाळ्या झाल्या.

ताईने रंग ओळखला होता. सभागृह रिकामं झाल्यावर ती कापड गोळा करायला आली, माझ्या सोनेरी पाठीवर तळवा ठेवून म्हणाली, "तू तरी जपून ठेवली होतीस रे."

मित्रांनो, मला रंग नको. दांड्याला तेलही नको; कुरकुरू दे त्याला, बाईंच्या खोलीत कुरकुरणारं दुसरं कुणी नाही. एवढंच करा. सोडत संपली, टाळ्या झाल्या, की झाकण लावण्याआधी एकदा आत हात घाला. कोपऱ्यापर्यंत घाला. तिथे कुणीतरी तुमच्या शब्दावर विसंबून बसलेलं असतं.