पाच टक्क्यांची अट

विद्यापीठात तिच्या हाताखाली शिकलेले आता स्वतः शिकवायला लागले होते, तरी घरी ती धाकटीच. जेवताना कुणी कुठल्या देशाचं नाव काढलं की ही तिथं मतांच्या जागा कशा होतात ते सांगायला बसायची. भाजी निवून जायची. तिची मोठी बहीण, ताई, तेवढी शेवटपर्यंत ऐकायची.

ताईला ऐकणं भागच होतं. सरकारी दवाखान्यात परिचारिकेची नोकरी सांभाळून तिनं परिचारिका, वॉर्डातल्या मावश्या आणि सफाई कामगार यांचा एक पक्ष काढला होता आणि सात वर्षं जिवाच्या आकांतानं रेटला होता. मागच्या निवडणुकीत त्याला देशभरातून पावणेचार टक्के मतं पडली आणि जागा मिळाली शून्य. कारण जुनी पद्धत! मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची मतं गेली पाण्यात.

आता पद्धत बदलणार होती. जेवढे टक्के मतं, तेवढे टक्के जागा. फक्त एक प्रश्न उरला होता. किमान किती मतं मिळाली की पक्षाला सभागृहात घ्यायचं? दोन टक्क्यांची अट ठेवली तर ताईच्या पक्षाच्या सात जागा. पाच टक्क्यांची ठेवली तर ताई दाराबाहेर. आणि या प्रश्नावर संसदेच्या समितीला अहवाल देणार होते धाकटीचे सर आणि स्वतः धाकटी.

"तू आहेस ना तिथं," ताई म्हणाली होती, "मग मी झोपते निवांत."

"मी तुझ्या बाजूनं नाही लिहिणार हं. जे दिसेल तेच लिहिणार."

"मग अजूनच निवांत."

बहीण पुढारी आहे हे धाकटीनं पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं होतं. "समितीला मी कळवतो, तू कामाला लाग," असं सर म्हणाले आणि ती कामाला लागली. अकरा देश, दीड वर्ष. त्यांतल्या पाच देशांत अट दोन टक्के किंवा त्याहून कमी होती, आणि पाचांपैकी चार ठिकाणी सरकारांनी मुदत पुरी केली होती. छोटे पक्ष आले की सरकारं पडतात, ही मोठ्या पक्षांची आवडती भीती तिच्या तक्त्यात कुठं सापडेना. शेवटचं प्रकरण दबावगटांचं होतं. खासगी रुग्णालयांच्या मालकांची संघटना मोठ्या पक्षांच्या कानाशी कशी लागते, आणि सभागृहात दवाखान्यातली चार माणसं बसली की तिची कशी पंचाईत होते, हे तिनं देशवार लिहिलं होतं.

त्यांच्या विभागात एक रीत होती. अहवालाचं सह्यांचं पान आधी छापायचं आणि सही करून टाकायची, कारण सर शेवटच्या क्षणापर्यंत स्वल्पविराम बदलत आणि छपाईच्या दिवशी कुणीच जागेवर सापडत नसे. चौदा वर्षं धाकटी अशी सही करत आली होती. डोळे झाकून विश्वास म्हणतात तो हाच, आणि या बाईला तर त्याचा अभिमान होता!

सुनावणीच्या सकाळी समितीच्या दालनाबाहेर, लाकडी बाकावर, तिला छापील प्रत मिळाली. तिनं तक्ता उघडला. सहा देश. तिनं पान उलटून पाहिलं, मागं काही नव्हतं. ते पाच देश गायब होते, दबावगटांचं प्रकरण गायब होतं आणि शिफारस होती पाच टक्क्यांची. खाली तिची सही, टपोरी आणि स्पष्ट.

तेवढ्यात सर आले. दारावरचा शिपाई उठून म्हणाला, "अभिनंदन सर! आज यादी आली. तुम्ही तिसरे!"

यादी सगळ्यांत मोठ्या पक्षाची. धाकटीला समजायला क्षणही लागला नाही, तो तर तिचा विषय. नव्या पद्धतीत मत पक्षाला द्यायचं आणि यादीतली माणसं वरून क्रमानं आत जायची. मोठ्या पक्षाच्या यादीत तिसरा माणूस म्हणजे निवडून आलेलाच माणूस.

"सर, माझे पाच देश?"

"छोटे देश आहेत गं. उगाच गोंधळ होतो."

"तुम्ही माझा केसानं गळा कापलात."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "आत जाऊन बोल की," ते हळूच म्हणाले. "पण त्या परिचारिकांच्या पक्षाची पुढारी तुझी सख्खी बहीण आहे, हे मग मला सांगावं लागेल. समितीला ते अजून ठाऊक नाही."

म्हणजे त्यांनी कळवलंच नव्हतं. दीड वर्षं हा पत्ता त्यांनी खिशात जपून ठेवला होता.

आत सरांनी सुरेख भाषण केलं. "माझी सर्वांत गुणी विद्यार्थिनी," असंही म्हणाले. प्रेक्षकांच्या बाकावर ताई बसली होती, रात्रपाळी करून आलेली, गणवेशावर स्वेटर चढवून. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अहवालावर दोघांच्या सह्या आहेत. तुम्हाला काही वेगळं सांगायचंय?"

धाकटी उठली. काय सांगणार होती? न वाचता सही केली, असं? का बहिणीसाठी भांडते, असं? आपल्या नावाचं काय होईल, हा एकच विचार तिच्या डोक्यात आला. हो, आपल्याच नावाचा.

"नाही," ती म्हणाली, आणि बसली.

बाहेर ताई जिन्यापाशी थांबली होती. धाकटीनं सगळं सांगितलं, सही, यादी, धमकी, एका दमात. ताईनं नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकलं.

"त्यांनी फसवलं गं ताई आपल्याला."

"त्यांचा मला राग नाही," ताई म्हणाली. "मी कुठं ओळखत होते त्यांना?"

ती जिना उतरायला लागली. धाकटी दोन पायऱ्या मागून गेली. ताईनं न वळता सांगितलं, "तू नको येऊस. खाली आमची माणसं उभी आहेत, त्यांना मला सांगायचंय."