मागितलं ते मिळालं

लोक म्हणतात, देव ऐकत नाही. माझं ऐकलं त्याने, आणि तेव्हापासून त्याच्यासमोर तोंड उघडायची माझी हिंमत होईना.

सासूबाई अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची खाट आणि माझं शिलाई मशीन एकाच खोलीत, मधे हातभर जागा. मी शाळेचे गणवेश शिवते. पाय मशीनवर आणि कान खाटेकडे. कूस बदलून दे, पाणी दे, ओलं काढ, पुन्हा ओलं काढ. त्यात बाई जिभेच्या तिखट. "कॉलर बघ, एक टोक वर, एक खाली," पडल्या पडल्या म्हणायच्या. समोरचं माणूस धड दिसायचं नाही, पण कॉलर दिसायची! मीही काही गरीब गाय नव्हते. एकाला दोन ऐकवायचे.

त्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत चाळीस शर्ट द्यायचे होते. घाईत एकाची बाही उलटी लागली, ती उसवत होते, तेवढ्यात चादर तिसऱ्यांदा ओली झाली. ती त्यांच्या अंगाखालून ओढता ओढता मी म्हणाले, "ने रे देवा हिला एकदाची! सुटू दे मला."

निदान "सुटू दे तिला" तरी म्हणायचं होतं.

त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपल्यात असं मी धरून चालले. संध्याकाळी दुधाचा चमचा तोंडाशी नेला, तर दात घट्ट. "नको," एवढंच. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाकडी कॉलर त्यांच्यासमोर धरली. बघितली आणि मान फिरवली. मी हातापाया पडले, रागावले, नाक दाबून दूध पाजायलाही गेले. नवव्या दिवशी गेल्या.

"वय झालं की अन्न सुटतंच," डॉक्टर म्हणाले. त्यांना काय माहीत, त्या खोलीत काय बोललं गेलं ते!

जो येई तो म्हणे, पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं केलंस. मी मान खाली घालायचे, तर म्हणायचे, किती विनयशील बाई! चोराच्या मनात चांदणं. जीव नुसता जळायचा. रोज संध्याकाळी हात जोडून बसायचे आणि गप्प उठायचे. माफ कर म्हटलं आणि त्याने "कशाबद्दल गं?" विचारलं तर?

महिन्याने नणंद आली. लांब राहते, आजारपणात तिला येता आलं नव्हतं, त्याचं तिला फार लागलेलं. म्हणाली, "आईसाठी तिघं मिळून प्रार्थना करू. वहिनी, तू म्हण. तुझाच मान आहे."

नको म्हणायला कारण सुचेना. खाट हलवलेल्या जागी आम्ही बसलो. एका बाजूला हे, एका बाजूला ती, माझा हात हातात घेऊन.

"देवा," मी म्हणाले, "आईंना..." पुन्हा "आईंना" म्हणाले. खोटं बोलायचं तर निदान त्याच्याशी तरी नको, असं आतून आलं, आणि मग थांबवता येईना.

"देवा, मी म्हणाले होते, ने हिला. कंटाळून म्हणाले, पण मनापासून म्हणाले. त्यांनी ऐकलं. म्हणून त्यांनी अन्न सोडलं. मला हे माहीत होतं आणि मी सगळ्यांकडून शाबासकी घेत राहिले."

नणंदेचा हात माझ्या हातातून निघून गेला. ती उठली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, कितीतरी वेळ सुरूच राहिला. ह्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना. जे बोलायला बसले होते ते अजून उरलंच होतं. दया कर, दोनच शब्द. ओठांपर्यंत येऊन अडले.

"थांबलीस का?" हे म्हणाले. मी वळून पाहिलं. डोळे मिटलेलेच होते. "माग त्याच्याकडे. आणि माझंही धर त्यात. तू एकदाच म्हणालीस, मी तर रोज दाराबाहेरून तेच मागत होतो."