सिप्रियनच्या वाट्याचं नवं

सेवरिनने पन्नाशी ओलांडली, तरी सप्टेंबरातला मोंतीचा, मारियेच्या जन्माचा आणि नव्या भाताचा सण आला की तिला नव्वद सालच आठवतं. त्यानंतर किती सण झाले, चांगले दणक्यात झाले, पण मन हटकून जातं ते मंगळुरातल्या त्या कौलारू घरात, तीनच माणसं पानावर बसली होती तिथे.

तिचा थोरला भाऊ सिप्रियन तेव्हा कुवेतला नोकरीला होता. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे परकं सैन्य घुसलं आणि इकडे त्याची पत्रं बंद झाली. पाच आठवडे ना पत्र, ना तार. कुणी सांगे, आपली माणसं वाळवंटातून निघालीत. कुणी सांगे, वाटेत पाण्यावाचून गेली. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? ते बोलून मोकळे होत आणि माय ते दिवसभर उगाळत बसे.

माय म्हणजे अपोलिन. संध्याकाळ झाली की मेणबत्ती लावून घरातल्या आल्तारापुढे, देवाच्या वेदीपुढे, गुडघे टेकायची आणि सेवरिनला शेजारी घेऊन जपमाळ म्हणायची. खरं तर जपमाळेत पुढे म्हणायचा मान पप्पांचा, म्हणजे ग्रासियनचा. त्यांचा आवाज कौलांच्या कारखान्यात, भट्टीपुढे ओरडून कमावलेला. ते ‘नमो मारिया’ म्हणाले की शेजारच्यांना आपली जपमाळ थांबवावी लागे! पण त्या ऑगस्टात त्यांनी आल्ताराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. जपमाळेच्या वेळी ते रेडिओ घेऊन बाहेर पायरीवर बसत.

“त्या रेडिओलाच फुलं वाहा आता,” माय आतून म्हणायची.

“रेडिओ निदान बोलतो तरी,” पप्पा बाहेरून. “तुझा तो वर बसलाय, त्याला इतक्या दिवसांत कंठ फुटला नाही.”

सतरा वर्षांच्या सेवरिनचा जीव नुसता टांगणीला. अर्धा कान प्रार्थनेकडे, अर्धा बातम्यांकडे. तिला वाटे, पप्पांच्या या तोंडापायी देव सिप्रियनवरच रागावला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, पप्पाच खरे असले तर? कुणाला विचारायची सोय नव्हती.

सणाच्या सकाळी माय आणि ती देवळात गेल्या. पप्पा आले नाहीत. फादरांनी भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद दिला, लहान पोरींनी बाळ मारियेला फुलं वाहिली. परतताना माय पोस्टात शिरली. घरातलं माणूस परदेशी असलं की चार लोंब्या पाकिटात घालून त्याला पाठवायच्या, ही सगळ्यांचीच रीत. सिप्रियनचं पाकीट तिने घरूनच पत्ता लिहून आणलं होतं.

पोस्टमास्तर भला माणूस. पाकीट हातात घेऊन त्याने पत्ता दोनदा वाचला.

“अपोलिनबाई, तिकडचं टपाल बंद आहे,” तो म्हणाला. “हे घेऊन मी ठेवू कुठे?”

मायने पाकीट परत घेतलं. ते पदराआड धरून ती पोस्टाच्या पायऱ्या उतरली.

दुपारी पानं मांडली. त्या पंगतीचा एक नेम आहे. नवे दाणे, म्हणजे ‘नवं’, सोलून नारळाच्या दुधातल्या खिरीत घालायचे, आणि घरातल्या वडील माणसाने वयाच्या क्रमाने एकेकाचं नाव घेऊन तळहातावर चमचाभर खीर घालायची. दूर असलेल्याचंही नाव घ्यायचं, त्याच्या वाट्याला घरातल्या कुणीतरी हात पुढे करायचा. मेलेल्याचं मात्र घेत नाहीत.

पप्पांनी स्वतःचा चमचा घेतला, मग मायला वाढलं. आता सिप्रियनची पाळी. मायने हळूच त्यांचं मनगट धरलं.

“त्याचं नाव आज नका घेऊ.”

“का?”

“त्याचा हात पुढे येणार नाही. माझ्याने बघवणार नाही.”

सेवरिन बघतच राहिली. “माय, तू तर रोज मागतेस.”

“मागते गं. पण मिळेल असं वाटायचं थांबलंय.”

आता पप्पा म्हणणार, बघ, मी सांगत नव्हतो? सेवरिनने मान खाली घातली. पण पप्पांनी मायचा हात अलगद बाजूला केला.

“मी घेणार त्याचं नाव,” ते म्हणाले.

“तुम्ही? तुम्ही तर देवाशी बोलणंच टाकलंय.”

“भांडलोय मी त्याच्याशी. घर सोडून नाही गेलो.” पप्पांनी चमचा खिरीत बुडवला. “पोरगा जिवंत असला तर आज त्याला देवच वाढत असेल. नसला, तर त्याच्याच पंगतीला बसला असेल. वाढणारा तोच आहे, अपोलिन. मला दुसरं काही म्हणजे काही कळत नाही. एवढंच कळतं.”

मग त्यांनी नाव घेतलं. त्या भट्टीपुढच्या आवाजात नाही, अगदी हळू.

“सिप्रियन.”

मायने लुगड्याला हात पुसला आणि पुन्हा पुढे केला. पप्पांनी चमचा शिगोशीग भरला होता, थोडी खीर तिच्या मनगटावर सांडली. तिने ती रडत रडत खाल्ली, शेवटच्या दाण्यापर्यंत. पप्पांनी डोळे पुसले आणि सेवरिनचं नाव घेतलं.

सिप्रियन ऑक्टोबरात आला, अंगावरच्या कपड्यांनिशी. गावभर पेढे वाटले, देवळात मेणबत्त्या लागल्या, लोक म्हणाले, देवाने ऐकलं. पण तुमच्या घरी देव कधी आला, असं सेवरिनला कुणी विचारलं, तर ती तो दिवस सांगत नाही. त्याच्या आधीचा, मोंतीच्या त्या पंगतीचा सांगते, कसलीच बातमी नव्हती तो.