गुण्यात कापलेला कोपरा

शिडीच्या चौथ्या पायरीवरच तय्यब मिस्त्रीचं डोकं फिरलं. निमगाव सावाच्या धर्माजीशेठच्या टोमॅटो शेडमधला पोटमाळा त्याच्याच वर्कशॉपनं उभारला होता. शेवटची नजर टाकायला तो आज आला, आणि बीमच्या टोकाला कापलेल्या खाचेच्या कोपऱ्यातून तिरपा खाली गेलेला केसाएवढा तडा त्याला दिसला. वर तीनशे क्रेट! मी बघितल्याशिवाय वर काडीही चढवू नका, असं त्यानं शेठला दहादा बजावलं होतं.

"सकाळी टक्कन आवाज आलता," खालून मंगल म्हणाली. ती आणि आठ बायका त्याच बीमखाली टोमॅटो निवडत होत्या. "शेठ म्हनले, ऊन लागलं की लोखंड बोलतंच."

"बोलतं व्हय! उठा, सगळ्या बाहेर व्हा! माल ऱ्हाऊ द्या तितंच!"

ओरडा ऐकून धर्माजीशेठ धावत आला. "अहो भाई, उद्या गाडी भरायचीय. मारा की एखादी पट्टी! मुळात बीमची टोकं कापलीच कशाला? अख्खी ठेवायची."

"अख्खा बीम बसवून दावा की!" तय्यब कडाडला. "ल्हाना बीम मोठ्याला जोडायचा, तर दोनीचे माथे एका लेव्हलला पायजेत, न्हाईतर वरचा पत्रा सपाट बसंल का? मोठ्याची वरची पट्टी आडवी येती. ल्हान्याची तेवढी पट्टी कापली, तरच तो आत मोठ्याच्या उभ्या पोटाला भिडतो. कापण्यात चूक न्हाई. कापलंय कसं, ते बघा!"

मग त्यानं शिडी धरून उभ्या असलेल्या सूरजकडे मोर्चा वळवला. सूरज हा पेठ गावच्या सुताराच्या घरातला, दोन लेकरांचा बाप. दिवाळीपासून तय्यबकडे गॅस कटरवर होता.

"चाचा, गुण्या लावून कापलंय," सूरज म्हणाला. "सुताभर फरक न्हाई."

खरंच नव्हता. चौकटीच्या सांध्यासारखा काटकोनात, धारदार कोपरा.

"तीच तर बोंब हाय! लाकूड हाय का हे? आदी भोक पाडायचं आन कापत त्या भोकापाशी यायचं, म्हंजे कोपरा गोल ऱ्हातो. कापडवाला कडेला कात्रीची टोच मारतो आन टरकन फाडतो ना? तसं सगळं वजन त्या धारदार कोपऱ्यात शिरतं. नऊ बायका बसल्या व्हत्या खाली, गाढवा! कुनी सांगितलं तुला असं कापायला?"

सूरजनं मान खाली घातली. "तुमीच, चाचा. पयला बीम कापला तवा तुमी गुण्या लावून बघितला, माझी पाठ थोपटली. म्हनला, सुताराचा हात हाय. मग बाकीचे तसंच कापले."

तय्यबला आठवलं. जुन्नरला लग्नाला निघायची घाई होती. कोपरा देखणा दिसला, शाब्बास म्हणून तो गाडीवर बसला होता.

"म्हणजे चूक तुमचीच की!" शेठला जोर चढला.

"माझीच! अन् माल चढवायची घाई तुमची. आता गप बसा!"

तय्यबनं पडवीतला लोखंडी टेकू ओढत आणला. मंगल बसायची तिथं, तिच्याच गोणपाटावर, तो तडा गेलेल्या टोकाखाली उभा केला आणि घट्ट ठोकून बसवायला हातोडा उचलला. वर पुन्हा टक् झालं. दारातून मंगल ओरडली, "भाऊ, सरा की तिथनं!" सूरज टेकू धरायला धावला.

"मागं हो!" तय्यब त्याच्यावर खेकसला. "ज्यानं शाब्बास म्हणलं, तोच हितं उभा ऱ्हाईल."