उघाडीची फळी

तुळसाने मिठाची पाटी बांधावर आपटली.

"घेराव घालून काय विचारता? बैल बघायला आलात का बाजारात?"

काळुराम मुकादमाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "तू गप रहा, वयनी. भिवा, परत विचारतो. आज तिथी कुठली? भरतीचं पाणी कधी चढंल?"

भिवाचे ओठ हलले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला, तिसऱ्यावर अडला, पुन्हा पहिल्यावर आला.

वीस वर्षं मिठागराची उघाडी तुळसाच्या नवऱ्याकडे, भिवाकडे होती. खाडीचं पाणी आत येतं ते त्या दारातून. त्याची फळी कधी उचलून पाणी घ्यायचं, कधी टाकून ते अडवायचं, हे भिवा तिथीवरून सांगायचा आणि सारं आगर त्यावर चालायचं. थोरली लेक बाळंतपणात गेली आणि माणूस आतून विझला. जेवता जेवता उठायचा, फळी चाचपून यायचा, घास घेऊन पुन्हा उठायचा. मागच्या उधाणाला तर फळी नीट बसली आहे ना, हे पाहायला त्याने ती उचलली. दोन वाफ्यांतलं पिकलेलं मीठ गेलं.

"सोंग आहे सगळं," विश्राम म्हणाला. उघाडी आजपासून त्याला मिळणार होती. फळी त्याने आधीच खांद्यावर घेतली होती.

तुळसाचं डोकं भणभणलं. विश्रामचा राग आला, मुकादमाचा आला, खाली मान घालून उभ्या नवऱ्याचा सगळ्यांत जास्त आला. सकाळपासून चुलीपाशी, वाटेवर, बांधावर तिने त्याला हेच विचारलं होतं. आठवतंय ना? सांगा बघू. दर खेपेला त्याचा चेहरा आणखी उतरत गेला होता.

"चौदस आहे," ती मुकादमावर खेकसली. "दुपारच्या आत येऊन जाईल पाणी. झालं समाधान?"

"चौदस काल सरली," भिवा म्हणाला. तो पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होता. "आज अवस. दुपार कलताना चढंल. वारा समुद्राकडचा आहे, वीतभर जास्तच येईल."

पलीकडे खाडीच्या पुलावरून कल्याणची आगगाडी धडधडत गेली.

मुकादम दोन पावलं पुढे आला. आवाज मऊ करून म्हणाला, "मग फळी कधी टाकायची, भिवा?"

अंगठा पुन्हा तिसऱ्या पेरावर अडला.

तुळसाने विश्रामच्या खांद्यावरची फळी ओढून घेतली.

"त्यांना विचारू नका, मुकादम. चुकीचं सांगा, मघाशी मी सांगितलं तसं," ती त्याच्या कानाशी पुटपुटली.

काळुराम घुटमळला. मग खाडीकडे तोंड करून, जरा अवघडूनच म्हणाला, "संध्याकाळी टाकू फळी. घाई काय?"

"संध्याकाळी?" भिवाने मान वर केली. "सगळं आगर बुडवशील."

तिच्या हातातली फळी घेऊन तो उघाडीकडे चिखलात उतरला. तुळसा तिथेच उभी राहिली. सकाळपासून आपण किती वेळा विचारलं, ते तिला एकेक आठवत होतं.