कोरडं फडकं

मला साखर आहे हे कळल्याबरोबर सासरच्या मंडळींना माझ्याबद्दल एकदम आस्था वाटू लागली. इतक्या वर्षांत "जेवलीस का?" असं कुणी फारसं विचारलं नव्हतं. आता जो तो "काय जेवलीस?" विचारू लागला, तेही पोलीस चौकीतल्या आवाजात.

आमचं केकचं दुकान आहे. नवरा भट्टी सांभाळतो, सासूबाई गल्ल्यावर बसतात, आणि मागच्या खोलीत खिडकीखालच्या टेबलाशी मी. केकवरची सगळी सजावट, साखरेची फुलं, वेली, कमानी माझ्या हातच्या. मला हे कुणी शिकवलं नाही. बिघडवत बिघडवत शिकले. त्या टेबलाशी मी कुणाची सून नसते, कुणाची वहिनी नसते. तिथे मला हाक मारायचीसुद्धा कुणाची हिंमत नसते, कारण दचकून पाकळी मोडली तर मी काय बोलते ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काम सोडायचं कारण नाही. गोळ्या घ्या, चाला, आणि चाखणं मात्र बंद." बोट स्वच्छ करून, टोचून, मशीनवर साखर बघायची. सकाळी उठल्यावर एकदा आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी एकदा.

चाखणं मी खरंच बंद केलं. क्रीमचा चमचा नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि खाली ठेवायचे. जीभ बिचारी तोंडात बसून राहायची, निवृत्त माणसासारखी.

सकाळची साखर शहाण्यासारखी यायची. दुपारी मात्र मी टेबलाशी असायचे, आणि मशीन तीनशेच्या वर उड्या मारायचं.

टोचायचं काम वन्संनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. पलीकडच्या गल्लीत राहतात, आणि जगातल्या यच्चयावत रोगांची माहिती त्यांच्या फोनवर सर्वांत आधी येते. रोज दुपारी त्या यायच्या, टेबलावरचं फडकं उचलून माझं बोट खसाखसा पुसायच्या, सुई टोचायच्या आणि आकडा दुकानभर ऐकू जाईल असा वाचायच्या.

"तीनशे बारा! वहिनी, खरं सांग. काय खाल्लंस?"

"भाजी, पोळी, काकडी."

"काकडीनं तीनशे होतात?"

"मी शपथ घेऊन सांगते, वन्सं."

"शपथेनं साखर उतरत नाही हो."

सासूबाईंनी स्टूल आणून माझ्यासमोर पहारा धरला. मी जांभई दिली तरी त्या तोंडात डोकावायच्या. तरी दुसऱ्या दिवशी तीनशे तीस. मग सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "माझ्या डोळ्यांदेखत खाते गं! कधी खाते तेच कळत नाही."

गिऱ्हाइकांनाही बातमी लागली. एक बाई तर दोन मजल्यांचा केक घेता घेता मला म्हणाल्या, "तुम्ही ना, मनावर ताबा ठेवायला हवा." त्यांच्या ओठाला क्रीम लागलेलं होतं. मी केकचं खोकं बांधून दिलं. गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

सगळ्यात वाईट म्हणजे मीच माझ्याकडे संशयानं बघायला लागले. वाटायचं, हात आपोआप तोंडाकडे जात असेल का? आपल्या नकळत? एकदा क्रीमची पिशवी दाबता दाबता तोंडाला रुमाल बांधून बसले. नवरा आत आला, बघून परत गेला. त्यानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मंडळी जमली आणि निकाल लागला. मी गल्ल्यावर बसायचं. सजावट नवरा करेल. सासूबाई त्याच्या हाताखाली साखर चाळतील.

"अगं, तुझ्याच जिवासाठी," नवरा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"आणि फुलं?"

"बघून बघून येतात की."

गल्ल्यावर बसले आणि माझी दुपारची साखर झपकन उतरली. एकशे चाळीस! वन्संनी मशीन वर करून सगळ्यांना दाखवलं. "बघा! टेबल सुटलं आणि साखर सुटली. आता तरी कबूल कर वहिनी, चाटत होतीस."

पुरावा माझ्याच बोटातून निघाला होता. डोळ्यांत पाणी आलं, म्हणून सुटे पैसे शोधायचं निमित्त करून खाली वाकले. ते टेबल आता मला परत मिळणार नव्हतं.

मागच्या खोलीत नवऱ्याचे गुलाब होत होते. गुलाब म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं, दिसायला कोबी. आठवड्याच्या शेवटी त्याची मान आखडली, डोळे खोल गेले. भाऊ थकलेला दिसल्याबरोबर वन्संच्या डोळ्यांत चमक आली. "एका घरात राहता. तुझंही बघू दे."

फडकं उचललं, बोट पुसलं, सुई टोचली.

वन्संचा आवाज प्रथमच खाली आला. "चारशे दहा."

सासूबाईंच्या हातातली चाळणी पडली.

"मी काही खाल्लं नाही!" नवरा ओरडला. "आई, तू समोर होतीस! आईशप्पथ नाही खाल्लं!"

"शपथेनं साखर उतरत नाही हो," मी दारातून म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी सरळ पाहिलं. तेवढ्यात माझी नजर वन्संच्या हातातल्या फडक्यावर गेली.

आमच्या धंद्यात पाणी हे शत्रू. साखरेच्या पाकळीवर एक थेंब पडला की भोक पडतं. म्हणून सकाळी एकदा हात धुवायचे आणि मग दिवसभर कोरड्या फडक्याला पुसायचे. आमच्याकडे स्वच्छ म्हणजे कोरडं. ते फडकं मी हातात घेऊन झटकलं. पिठीसाखरेचा असा ढग उठला की वन्सं शिंकल्या.

"चला नळावर," मी नवऱ्याला म्हटलं. "साबण लावून धुवा. मनगटापर्यंत."

धुतल्या हाताची साखर एकशे आठ आली. मग माझ्या कोरड्या बोटावर ते फडकं फिरवून पाहिलं. तीनशेच्या पार. धुतलं, एकशे पन्नास.

"मशीनवाल्यांनी लिहायला पाहिजे ना तसं," वन्सं म्हणाल्या. सासूबाईंनी स्टूल उचललं आणि गल्ल्याकडे निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "ते कोबी तेवढे आधी काढ गं केकवरून."

माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी नळाशी नवा साबण होता, चांगला वासाचा, वन्संच्या घरातला.

साखर काही गेली नाही. गोळ्या आहेत, चालणं आहे, सुई आहे. आणि चाखणं बंद ते बंदच. आता क्रीम झालं की नवऱ्याला हाक मारते. त्याला चवीतलं ओ की ठो कळत नाही. विचारलं की म्हणतो, "छान आहे." खारट झालं तरी छान. म्हणून मी विचारतच नाही. चमचा त्याच्या तोंडात देते आणि तोंडाकडे बघत राहते. डावी भुवई हलली की साखर जास्त. गिळायला वेळ लागला की लोणी जड. डोळे मिटले की जमलं.

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडाकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"काय बघतेस?" तो विचारतो.

"काही नाही. हात धुतलेत का?"