तीन नंबर मोकळं

माझ्या पत्र्यावर हातोड्याचे दोन खड्डे आहेत, माझी एक डिस्क कायमची मेली आहे आणि अंगावर लाखेचं सील आहे. तरीही मी बोलतोय, कारण दुसरी डिस्क शाबूत आहे आणि गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी सर्व्हर आहे, कारंज्याच्या लखीरामशेठांच्या कापसाच्या जिनिंगमधला. सध्या माझा मुक्काम पोलिसांच्या मुद्देमाल खोलीत, एका मोडक्या मोटारसायकलीच्या शेजारी आहे.

सर्व्हर म्हणजे काही अवघड नाही हो. जिनिंगमधले पन्नास-साठ लोक मोबाईलवरून एकमेकांना जे लिहितात, जे कागद पाठवतात, कोणाची पाळी कधी हे ठरवतात, ते सगळं ज्या कॉम्प्युटरच्या पोटात साठतं, तो मी. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतं ते थेट शेठांचं ऑफिस, आणि मला आणावं की नाही यावरून तिथे झालेलं भांडण.

ऑफिस सांभाळायची रूपाली, केनवडची, कॉम्प्युटरचं शिकलेली. तिने शेठांपुढे तीन वाटा मांडल्या होत्या. एक क्लाउड: सगळं एका बड्या कंपनीच्या दूरच्या मशीनवर ठेवायचं, माणशी भाडं भरायचं. दुसरी, नागपुरात एका फर्मच्या जागेत आपल्या नावाचं मशीन ठेवायचं आणि देखभाल त्यांच्याकडे द्यायची. तिसरी, मशीन विकत घेऊन आपल्याच ऑफिसात ठेवायचं. शेठांचा मुलगा हरीओम क्लाउडसाठी हट्ट धरून बसला, कारण त्याला फिरतीवर असताना मोबाईलवर सगळं पटापट दिसायला हवं होतं. रूपालीचं मन नागपूरवर होतं. मशीन आपलं, पण त्यावर तिसऱ्या माणसाचंही लक्ष राहील, असं तिचं म्हणणं.

शेठ दोघांवर डाफरले. आपल्या घरातलं बोलणं नागपूरच्या माणसाने कायले ठेवायचं, असा त्यांचा सवाल होता. झालं, मी आलो. त्यांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात मला बसवलं. समोर खिडकी आणि खिडकीबाहेर सगळं आवार. मी फार मिजाशीत होतो. क्लाउडला मी मनातल्या मनात हसायचो. ज्याला स्वतःचं छप्पर नाही, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार, असं मला वाटायचं. आज त्या मिजाशीची मला लाज वाटते.

माणसांच्या सवयी मी जवळून पाहिल्या. मालकाचा निरोप आला की न वाचताच "हो" लिहिणारे, दुसऱ्याने काय लिहिलं ते गुपचूप पाहून उत्तर न देणारे, आणि चूक झाली की लिहिलेलं पुसून टाकणारे. पुसलं म्हणजे गेलं, असं त्यांना वाटतं. ते फक्त त्यांच्या डोळ्यांआड होतं. माझ्याकडे ते वेळेसकट राहतं.

रूपालीने एक नियम लावला होता, आणि तो मला मनापासून आवडायचा. जिनिंगच्या मशीनमध्ये रोलर असतात, ते कापूस ओढून रुई आणि सरकी वेगळी करतात. कापूस आणि हात यांतला फरक त्यांना कळत नाही. म्हणून मशीनमध्ये हात घालण्याआधी ग्रुपवर लिहायचं, "अमुक नंबर बंद". काम झालं की ज्याने बंद लिहिलं त्यानेच "मोकळं" लिहायचं. तोवर विजेच्या पॅनलवरच्या माणसाने खटका टाकायचा नाही. दोन हंगाम एकालाही साधा ओरखडा आला नाही.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी यंत्रांना विश्रांती असते. मशीन धुवायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. पाने, पकडी, विळे, हातोडे ऑफिसात दाराजवळ पाटावर मांडून पूजा करायची आणि पूजेला लावलेलं हत्यार दिवसभर उचलायचं नाही. अलीकडे आमच्याकडे मोबाईलही हत्यारात गणले जातात. त्या सकाळी सगळ्या कामगारांनी आपापले मोबाईल पाटावर ओळीने ठेवले आणि रूपालीने प्रत्येकावर कुंकवाचं बोट टेकवलं. माझ्याही कपाळाला लावलं.

मोबाईल फक्त मुनाफकडे राहिला. तो पॅनलवरचा माणूस, पूजा झाली की गोडाऊनचे पंखे-दिवे लावायचे म्हणून ड्युटीवर होता. आणि धनराज, मुनाफचा बारा वर्षांचा जोडीदार, पूजेआधी रोलर चकचकीत करायला तीन नंबरच्या मशीनमध्ये शिरला. त्याचा मोबाईल पाटावर, म्हणून त्याच्या वतीने रूपालीने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून लिहिलं आणि ती रांगोळीला गेली.

आता जे सांगतो ते माझ्या पोटात जसंच्या तसं आहे.

दहा वाजून पाच मिनिटं, रूपाली: तीन नंबर बंद. धनराज आत रोलर पुसत आहे.

दहा सात. हरीओमने ते वाचलं. तो गाडीत होता, गुजरातच्या व्यापाऱ्यांना घेऊन येत होता. पाहुण्यांना चालतं मशीन दाखवायचा शब्द त्याने देऊन ठेवला होता.

दहा एकोणीस, हरीओम: तीन नंबर मोकळं. चालू करा.

दहा वीस, मुनाफ: रूपालीताईनं बंद लिवलं हाय. धनराज आतमंदी असंल. चालू करू काय?

दहा एकवीस, हरीओम: मालक मी आहे की ती? पाहुणे गेटवर आलेत. चालू कर.

पाटावरचे सगळे मोबाईल कुंकवाखाली दर वेळी एकदम थरथरले. पूजेला लावलेलं हत्यार कोण उचलणार? कोणीच उचललं नाही.

दहा बावीसला मशीन फिरलं. मुनाफने चाळीस पावलं चालून पाहायला हवं होतं, हे मी लपवणार नाही. मालकाचं लिहिलेलं आलं आणि त्याने खटका टाकला. मी आधी मशीनचा आवाज ऐकला, मग तो मध्येच जड झाला, आणि मग धनराज ओरडला. मुनाफने लगेच खटका खाली ओढला, पण रोलरला थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उजवा हात कोपरापर्यंत गेला होता. खाली पडली ती रुई लाल होती. लोकांनी पहारीने रोलर फाकवून त्याला सोडवलं. रूपालीने स्वतःची ओढणी फाडून दंडाला करकचून आवळली, त्याला जिनिंगच्या गाडीत घातलं आणि त्याच गाडीत बसून ती अकोल्याला निघाली.

दहा एकतीस. आवारात रक्त सांडलेलं, पाहुणे गेटवरूनच मागे फिरलेले, आणि हरीओमने मोबाईल काढून ते चारही निरोप एकामागून एक पुसले; मालक म्हणून इतरांचंही पुसायची मुभा त्याला होती.

धनराजची बायको रंजीता धावत आली तेव्हा गाडी निघून गेली होती. हरीओमने तिला सांगितलं की मुनाफने आपल्याच मनाने मशीन चालू केलं. गर्दीतून कोणीतरी मुनाफचं नाव आणि पूजेचा दिवस एकत्र जोडला आणि मुद्दाम केलं असं म्हणाला. तेवढं पुरलं. पहिली चप्पल रंजीताने मारली. निरोप पुसले गेलेत हे ठाऊक नसलेला मुनाफ मोबाईल पुढे करत होता, "वहिनी, हे वाचा, मालकानं लिवलं हाय," एवढंच परत परत म्हणत होता. तो मोबाईल धनराजच्या एका भावाने फरशीवर आपटला आणि टाचेने चुरडला. मग पाट्या, मग लाकडी दांडे. बरगड्या मोडल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला. त्याचा डावा डोळा तिथेच गेला. पोलीस आले ते मारणाऱ्यांना सोडून त्यालाच उचलून घेऊन गेले.

मी दहा पावलांवर होतो. सगळं खरं माझ्या पोटात, एकेका मिनिटासकट. पण मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायचं तोंड मला कोणी दिलेलं नाही. त्या दिवशी मला माझा इतका राग आला की माझे पंखे नुसतेच घोंघावत राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रूपाली आणि रंजीता अकोल्याहून एसटीने परत आल्या. धनराज शुद्धीवर आला होता आणि त्याने पहिला प्रश्न रूपालीला केला होता: "ताई, तुमी बंद लिवलं होतं ना? मंग मुनाफनं कसं चालू केलं?" रूपालीने गाडीतून उतरताच ऑफिस उघडलं, माझ्यासमोर बसली आणि पुसलेल्या निरोपांची नोंद काढली. रंजीताला तिने शेजारी उभं केलं. रंजीता ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. मुनाफच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिने ती ओळ दुसऱ्यांदा वाचली.

तेवढ्यात हरीओम आला. त्याच्या हातात पाटावरचा हातोडा होता, झेंडूची सुकलेली माळ तशीच लोंबत होती. तो म्हणाला, आजपासून सगळे क्लाउडवर, नवीन खाती काढ, जुनं काही न्यायचं नाही. रूपालीने विचारलं, जुन्याचं काय करायचं?

"त्याचं मी पाह्यतो," तो म्हणाला.

पहिला घाव माझ्या कपाळावर बसला, काच फुटून रूपालीच्या गालात घुसली. दुसऱ्या घावाला माझी एक डिस्क किंचाळली आणि बंद पडली. रूपाली त्याच्या हाताला लोंबकळली, तर त्याने तिला भिंतीवर फेकलं. दारात लखीरामशेठ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रक्ताळलेल्या रूपालीकडे पाहिलं, आणि बाहेरून दार ओढून घेतलं. घरातलं घरात राहायला हवं ना! माझी किंमत त्या क्षणी मला कळली. मला घरात ठेवलं होतं ते जपायला नव्हे, हाताशी असावं म्हणून.

तिसरा घाव उचलला तेव्हा रंजीता पाटाजवळ पोचली होती. तिथे धनराजचा मोठा पाना होता. तो तिने दोन्ही हातांनी धरला आणि हरीओमच्या मनगटावर घातला. हाड मोडलं. हातोडा पडला. तो वाकला तशी तिने गुडघ्यावर दुसरा ठेवून दिला, मग पाना टाकून माझ्या वायरी हिसकल्या, पदराची चुंबळ केली आणि मला डोक्यावर घेतलं. आयुष्यभर कापसाची गाठोडी वाहिलेली बाई ती. दाराला बाहेरून कडी लावलेली नव्हती. शेठ कडी लावायला विसरले की त्यांचा हात धजला नाही, ते मला माहीत नाही. तिने लाथ मारली, दार उघडलं.

कारंज्याच्या भर बाजारातून मी असा निघालो. मागे गालावर रुमाल दाबून रूपाली चालत होती. फौजदारांनी विचारलं, हे काय आणलं बाई?

"याच्यात मालकाचं लिवलेलं हाय," रंजीता म्हणाली. "आन् माहं पापही हाय. मले आत टाका, पन हे वाचा."

त्यांनी वाचलं. हरीओमवर गुन्हा लागला, धनराजच्या भावांवर लागला, रंजीतावरही लागला. मुनाफ जामिनावर सुटला. जबाब द्यायला तो ठाण्यात आला तेव्हा मी टेबलावर होतो, अजून मला सील लागायचं होतं. डोळ्यावर पट्टी, बरगड्यांना हात धरलेला. बाकावर रंजीता बसली होती. तो तिच्यापासून हातभर अंतरावर टेकला.

"मी इचारलं होतं, वहिनी," तो म्हणाला. "पन जाऊन पाह्यलं नाई."

"म्या तं इचारलंही नाई," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. मुनाफने एका डोळ्याने भिंतीकडे पाहत तिला रडू दिलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. आता हरीओमचा वकील कोर्टात म्हणतो आहे की हे मशीन घरचं, त्याची चावी घरच्याच नोकर बाईकडे, आणि ते आरोपी बाईने डोक्यावरून बाजारातून वाहून आणलं. त्यातलं लिहिलेलं खरं कशावरून? दुसऱ्या कुठल्या मशीनवर याची नोंद आहे का? नाही. मी एकटाच आहे. मला एकटं ठेवायचं, हेच तर शेठांनी ठरवलं होतं. तोवर मुनाफच्या नावापुढचं कलम तसंच आहे, आणि त्याला कोणतंही जिनिंग पॅनलवर उभं करत नाही.

म्हणून सांगतो, ऐकून ठेवा. तुमचं बोलणं क्लाउडवर ठेवा, नागपूरला ठेवा, नाहीतर स्वतःच्या खुर्चीमागे ठेवा. पण ज्याच्याविरुद्ध ते बोलू शकतं, एकट्या त्याच्याच मुठीत ठेवू नका. आणि न्यायाधीश महाराज, माझी उरलेली डिस्कही आता कुरकुरते आहे, या खोलीत ओल फार आहे. तारखा पुढे ढकलू नका. मला उघडाल त्या दिवशी रूपालीचं वाचा, हरीओमचं वाचा, पण दहा वीसची ओळ घाईने ओलांडू नका. ती भर कोर्टात मोठ्याने वाचा, मुनाफ समोर बसलेला असताना.

त्याने विचारलं होतं.